बानूची झोप

सोमवार, ६ जानेवारी १९५८

पुन्हा तेच. बानू रात्रभर जागी. अंगावर घेतलं की दोन घोट पिते, डोळे मिटते, आणि खाली ठेवलं की लगेच तोंड वासते. झोळीत घातलं तरी तेच. खांद्यावर घेऊन फिरले तरी तेच.

ह्यांना पहाटेच्या मालगाडीवर जायचं होतं. उशी कानावर दाबून पडले होते. शेवटी उठले, चादर उचलली आणि लोको शेडकडे निघून गेले. इंजिनांच्या फुसफुशीत त्यांना झोप लागते, लेकीच्या रडण्यात लागत नाही. बोलायला जागा नाही. फायरमनचं काम — भट्टीत कोळसा मारत राहायचं, पाण्यावर नजर ठेवायची. तिथं डुलकी लागली तर एकट्याचं नुकसान होत नाही. हे मला कळतं.

पण दार ओढून गेले तेव्हा वाटलं, मी कुठं जाऊ?

बुधवार, ८ जानेवारी

आज दिवसभर कुणाशी बोलले नाही. बानूशी बोलले तेवढंच. म्हणून लिहिते आहे. घरात आमची बोली वेगळी, पण शिरूरच्या शाळेत सातवीपर्यंत मराठीच शिकले, त्यामुळं लिहायचं म्हटलं की मराठीच येतं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं सगळ्यांचं. माझं दौंडला झालं, ह्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. अम्मी गेली त्याला पाच वर्षं झाली. अब्बा शिरूरला बांगड्यांचं दुकान सांभाळतात, ते काय बाळंतपण करणार? बानू झाली तेव्हा बघायला आले, तिच्या मनगटाएवढी बांगडी आपल्याजवळ नाही म्हणून कसनुसे हसले आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेले.

सासूबाई नाहीत, नणंद नाही. शेजारच्या गिताबाईंनी सव्वा महिना बानूला न्हाऊ घातलं. त्या धनगराच्या. गाव कासुर्डी. नवरा हौसराव रेल्वेत गँगमन आहे. मुलं मोठी, गावाकडं आजीपाशी. त्यांनी स्वतःहून दार वाजवलं आणि म्हणाल्या, "पाणी तापीव. मी आली." तेव्हापासून येतात. त्या आल्या नसत्या तर ह्या घरात मी एकटीच भिंतीशी बोलत बसले असते.

शनिवार, ११ जानेवारी

गिताबाई बानूला पायावर घेऊन तेल लावत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "डोळं बघ तुझं. पार खोल गेल्यात."

मी सांगितलं, ही झोपूच देत नाही.

"आगं, तू सारखी उचलतीस. जरा कुरकुरली की लावली छातीला. वाईच थांबत जा. तिची ती वळती, बोट चोखती, पडती निजून. आन् दिसा अंधारात ठिवू नगंस. दिस उजेडात काढू दे, मंग रात वळखंल ती."

मग म्हणाल्या, "आमच्यात मेंढरांमागं जायाच्या बाया, त्यांनी कसं करावं? मोहरीएवढी गोळी चाटवायची. अफूची. पोर निजतंय, बाई काम करती. माझ्या दोन्ही पोरांना दिली व्हती. तुला पायजे तर गावाकडनं आणती."

मी लगेच "नको," म्हटलं.

"नगं तर नगं," त्या म्हणाल्या आणि बानूची टाळू भरायला लागल्या. राग नाही, काही नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

गिताबाईंचं ऐकते आहे. सकाळी बानूला ओट्यावर उन्हात ठेवते. शंटिंगच्या शिट्ट्या, नळावरची भांडणं, सगळं ऐकत पडते. दिवस मावळताना गरम पाण्यानं अंग पुसते, ओव्याची धुरी देते, पोटभर पाजते आणि डोळे मिटायच्या आधीच झोळीत घालते. जायफळाचा एकच वेढा दुधात उगाळून देते. रात्री कुरकुरली की हात मांडीखाली दाबून बसते. फार अवघड जातं. छाती भरून येते, दूध गळतं, तरी बसते.

थोडा फरक आहे. उठते, पण पूर्वीसारखी नाही.

रविवार, १९ जानेवारी

हे सोलापूरहून आले ते चेहरा पाडूनच. बूट काढले नाहीत, तसेच बसले. मग म्हणाले, "कुर्डूवाडीच्या अलीकडं डोळा लागला. भट्टी बसली, वाफ उतरली. गाडी उभी राहिली मध्येच."

ड्रायव्हरनं फोरमनला सांगितलं. फोरमननं बजावलं आहे — पुन्हा झालं तर इंजिनावरून खाली उतरवीन.

मी म्हटलं, मी आता नीट बघते हिच्याकडं. तुम्ही घरी असाल त्या रात्री हिला घेऊन बाहेर ओट्यावर बसेन. ते म्हणाले, "थंडीत?" आणि बानूकडं बघत राहिले. तिनं त्यांचं बोट धरलं होतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

झोपली! दिवेलागणीला ठेवली ती उजाडल्यावरच उठली. मीही मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं, हे चहा करून पीत होते आणि माझ्यासाठी कपभर झाकून ठेवला होता. लग्नानंतर पहिल्यांदा.

गिताबाईंना सांगायला धावत गेले. त्या म्हणाल्या, "बघ. म्या म्हनलं न्हवतं?"

रविवार, २ फेब्रुवारी

हे गाडीवर असले की बानू एक-दोनदा उठतेच. हे घरी असले की शहाण्यासारखी झोपते. बापाची लाडकी! ह्यांचा चेहराही उजळला आहे. काल कामावर जाताना तिचा पापा घेतला. मला वाटतं आमचं आता मार्गी लागतंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

गिताबाई म्हणाल्या, "पोरगी मलूल दिसतीया गं. आंग टाकल्यागत करती. पितीया का?"

मी म्हटलं, पिते की. थंडीमुळं असेल.

खरं सांगायचं तर राग आला. इतक्या दिवसांनी घरात चार तास सुखाची झोप आली, तर तेही गिताबाईंना बघवत नाही, असं वाटलं. पण बानू पूर्वीसारखी पीत नाही हे खरं. दूध दाटून छाती दुखते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

परवाचं आज लिहिते.

बुधवारी सकाळी बानू उठली नाही. मी स्वयंपाक उरकला, कपडे धुतले, मनात म्हटलं झोपू दे. मग उचलली तर मान मागं पडली. हात सोडला की खाली पडायचा. ओठ जांभळे. श्वास येतो आहे की नाही कळेना. मी ओरडले की नाही तेही आठवत नाही. हे झोपलेले उठले, बानूला माझ्याकडून ओढून घेतलं आणि अनवाणीच रेल्वेच्या दवाखान्याकडं धावले. मी मागं. डोक्यावर पदर नव्हता.

डॉक्टरांनी तिची पापणी वर केली, बॅटरी मारून पाहिलं. मग आमच्याकडं बघून विचारलं, "हिला अफू कोणी घातली?"

मी म्हटलं, "नाही डॉक्टरसाहेब. आम्ही नाही घातली."

"बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. उगाच होत नाही हे."

हे खाली मान घालून उभे होते. त्यांच्या पायातून रक्त येत होतं, खडी लागली होती.

इंजेक्शन दिलं. नाकाशी नळी धरली. नर्स म्हणाली, तळपाय चोळत राहा, चिमटे काढा, काही करा पण झोपू देऊ नका. दिवसभर मी माझ्या लेकीला चिमटे काढत बसले. दुपार कलताना तिनं तोंड वाकडं केलं आणि रडली. बारीक, मांजराच्या पिलासारखी. नर्सनं हात जोडले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आणखी कोण असणार? दुपारी पाण्याला जाताना मी बानूला गिताबाईंकडंच ठेवत होते. गोळीचं बोलणंही त्यांनीच काढलं होतं.

सकाळी त्या नळावर होत्या. बाया होत्या पाच-सहा. मी सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या लेकीला गोळी का दिलीत?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग हंडा खाली ठेवला. "काय म्हनतीस, रजिया?"

"डॉक्टर म्हणाले अफू आहे. तुमच्याशिवाय ह्या घरात कोण येतं? मी नको म्हटलं होतं ना तुम्हाला?"

"पोरीच्या गळ्याची आन. म्या न्हाई दिली."

"तिच्या गळ्याची आण घेऊ नका," मी म्हटलं. "तिला मारतच होता तुम्ही."

त्यांनी हंडा उचलला, अर्धाच भरला होता, आणि गेल्या. वाटभर पाणी सांडत होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं, म्हणतील चांगलं केलंस. ते म्हणाले, "नळावर कशाला बोललीस?" आणि उठून बाहेर गेले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सगळ्या चाळीत झालं आहे. आता गिताबाई दिसल्या की बाया पोरांना आत ओढून घेतात. शेडात जळका कोळसा वेचायच्या कामावरही कुणी त्यांच्याशेजारी बसत नाही म्हणतात. माझ्याशी सगळ्या गोड बोलतात. कधी नव्हे ते दोघीजणी चहाला आल्या. बानूला बघायला नव्हे, गिताबाईंबद्दल ऐकायला.

रविवार, २३ फेब्रुवारी

गिताबाई कासुर्डीला गेल्या. डोक्यावर गाठोडं, हातात कोंबडीची पाटी. हौसराव एकटेच मागं राहिले आहेत. माझ्या दारासमोरून गेल्या, पण मान वळवली नाही.

मी आत उभी होते.

गुरुवार, ६ मार्च

बानू बरी आहे. पिते, हसते. रात्री पुन्हा जागते, अगदी पहिल्यासारखी. म्हणजे माझं बरोबर होतं. गिताबाई गेल्या आणि तिची झोपही गेली. हाच पुरावा.

तरी दुपारी तिला न्हाऊ घालताना पाण्याचा अंदाज येत नाही. कोणी सांगणारं नाही. दोन्ही हात साबणाचे, बानू निसटते, आणि मी सवयीनं म्हणते, "जरा धरा हो." मग आठवतं.

हे हल्ली बोलत नाहीत. रात्री ती रडली की माझ्या आधी उठतात. खांद्यावर घेऊन फिरतात. मी म्हटलं, द्या इकडं, तुम्हाला गाडी आहे. ते म्हणाले, "असू दे. रडू दे तिला."

शनिवार, २२ मार्च

चांद दिसला. उद्यापासून रोजे. बानू अंगावर पिते म्हणून मला रोज्यातून सूट आहे. हे घरी असतील तेव्हा धरणार आहेत.

मंगळवार, २५ मार्च

संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी ताट मांडलं. खजूर, भजी, सरबत. अजान झाली. ह्यांनी खजूर हातात घेतला आणि तसेच बसून राहिले.

मी म्हटलं, "अहो, सोडा की."

त्यांनी खजूर ताटात ठेवला. म्हणाले, "गिताबाईनं नव्हती दिली."

मला वाटलं, कोणाकडून काही ऐकून आले असतील. "मग कोणी?"

"मी."

मी बानूला मांडीवर ओढलं.

"सोलापूरच्या रनिंग रूममध्ये, गाडीवरची माणसं मुक्काम करतात तिथं, एक म्हातारा खलाशी आहे, इंजिनं पुसणारा. त्याला म्हटलं, पोरगी झोपू देत नाही, नोकरी जायची वेळ आलीय. त्यानं पुडी दिली. म्हणाला, आमच्या सगळ्या पोरांना दिलीय, काही होत नाही. मी घरी असेन त्या रात्री बोटावर घेऊन चाटवायचो. तू भाकरी थापत असायचीस. त्या रात्री... जास्त झाली असेल. मला अंदाज नाही आला."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"पोलिसात देतील वाटलं."

"आणि मी नळावर बोलून आले तेव्हा?"

त्यांनी खजूर ताटाच्या कडेला सारला. म्हणाले, "तीन दिवस उपाशी राहतोय रजिया, पण हे आतमध्ये ठेवून कसला रोजा."

मी ताट उचललं नाही. बानूला घेऊन ओट्यावर जाऊन बसले. शेजारच्या दाराला कुलूप होतं. हौसराव कामावर होते. मला रडू येईना. त्या म्हणाल्या होत्या, पोरगी मलूल दिसते. एकट्या त्यांनाच दिसलं होतं.

शनिवार, २९ मार्च

सकाळी नळावर गेले. सगळ्या होत्या. हंडा खाली ठेवला आणि सांगितलं, "गिताबाईंनी काही केलं नव्हतं. बानूच्या बापानंच दिली होती. मी उगाच त्यांचं नाव घेतलं."

नळ चालूच राहिला, कोणी बंद करेना. एक म्हणाली, "नवऱ्याचं असं चारचौघांत सांगतात का?" दुसरी हसली. मी पाणी न भरताच आले.

ह्यांना सांगितलं, मी नळावर बोलले. ते कामावर निघाले होते. चेहरा पांढरा पडला. मग म्हणाले, "बरं केलंस." दारात थांबून म्हणाले, "कासुर्डीला जायचं असेल तर यवतला उतर. पास घेऊन जा."

रविवार, ३० मार्च

पॅसेंजरनं यवतला उतरले. तिथून कासुर्डीच्या एका बैलगाडीवाल्यानं घेतलं. बानू वाटभर जागी, टकामका बघत.

गिताबाई खळ्यात होत्या. ज्वारी उफणत होत्या. मला बघितलं आणि सूप थांबवलं नाही. भुसकट माझ्या अंगावर येत होतं. मी तशीच उभी राहिले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "बानूच्या अब्बांनी दिली होती. त्यांनीच सांगितलं."

सूप थांबलं. "मेहमूदभाईनं?"

"हो."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तू माझ्या घरात यून म्हनली असतीस ना, तर म्या गिळलं असतं. तू लहान हायस, घाबरली व्हतीस. पर नळावर म्हनलीस. सोळा वर्सं त्या नळाचं पानी भरलं म्या."

"काल नळावरच सांगून आले."

"काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"नवऱ्याचं नाव घिऊन?"

"हो."

"येडी हायस तू," त्या म्हणाल्या. "आता तुला कोन जगू देनार हाय तितं?"

मी म्हटलं, "नाही देणार. मला माहीत आहे."

त्यांनी कपाळाचा घाम पदरानं पुसला. हात धुतले. मग हात पुढं केले, "आन हिकडं."

बानू त्यांच्याकडं गेली. त्यांनी तिची मान धरून पाहिली, डोळे पाहिले, मांड्या दाबून पाहिल्या, बाजारात शेळीचं पाठरू बघावं तसं. "भरलीया," म्हणाल्या. तिला घेऊन पडवीत बसल्या आणि माझ्यापुढं भाकरी ठेवली.

निघताना विचारलं, "याल ना परत?"

"सुगी हाय आता," त्या म्हणाल्या. "बघू म्होरं." गाडीपर्यंत आल्या नाहीत. पण बानूच्या झबल्याच्या बंदाला त्यांनी वेखंडाचा तुकडा बांधला होता, ते मला गाडीत बसल्यावर दिसलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

काल रात्री बानू आपली आपण झोपली. कोणी काही दिलं नव्हतं. एकदाही उठली नाही. मी सारखी तिच्या नाकाशी हात धरून बघत होते. हेही जागेच होते, अंधारात उठून बसलेले दिसले. शेवटी मला राहवेना. मी तिला उचलून उठवलं. ती दचकली आणि जोरात रडायला लागली. हे म्हणाले, "रडतेय." मी म्हटलं, "हो." मग कुणी तिला गप्प केलं नाही.